शब्द वर ठेवा, रहमानसाहेब

गणपती उठले, पितृपक्ष लागला आणि आमच्या गोडाउनला कुलूप पडलं. साऊंडच्या धंद्यात हा पंधरवडा म्हणजे सक्तीची रजा. या दिवसांत कुणी साखरपुडासुद्धा करत नाही, मग ऑर्डर कुठून येणार? मिरवणुकीत फाटलेले बेसचे कोन बदलायचे, तुटक्या केबलींना सोल्डर मारायचं, आणि उरलेल्या वेळात मोबाईल चाळायचा. मोबाईलवर सध्या आमच्या मंडळींचा एकच विषय आहे, तो म्हणजे नितेश तिवारींचं 'रामायण'. पहिला भाग २०२६च्या दिवाळीत, दुसरा २०२७च्या. रणबीर राम म्हणून शोभेल का, यशचा रावण कसा दिसेल, यावर बोलायला गावभर माणसं आहेत. मला फक्त संगीताचं बोलायचंय. ए. आर. रहमान आणि हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमर ही दोन नावं एकाच पोस्टरवर येतील असं पाच वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

३ जुलै २०२५ला घोषणेचा व्हिडिओ आला तो तुम्ही पाहिला असेलच. जेमतेम तीन मिनिटांचा. सुरुवातीला ब्रह्मा-विष्णू-महेश, शेवटी राम आणि रावण. देशातल्या नऊ शहरांत दाखवला, न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरवर झळकवला. दोन्ही भाग मिळून खर्च चार हजार कोटींच्या घरात जाईल असं निर्माते नमित मल्होत्रा म्हणालेत. मी तो व्हिडिओ मोबाईलवर ऐकला नाही. गोडाउनमध्ये दोन टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, आणि एक बेस जोडला आणि नीट खुर्ची टाकून ऐकला. शेजारचा वेल्डिंगवाला बाहेर येऊन म्हणाला, "शेठ, कशाचं उद्घाटन?"

आवाज जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. खालून घुमणारा बेस, वर कोरस, मध्ये ऑर्केस्ट्रा. थेट छातीवर येतो. पण व्हिडिओ संपल्यावर मी गुणगुणायला गेलो तर तोंडात काहीच येईना. परत लावला. परत तेच. आता घोषणेच्या व्हिडिओवरून गाण्यांचा निकाल लावू नये, हे मलाही कळतं. पण आमच्या ग्रुपवर निकाल लागून, अपील होऊन, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलेलं आहे.

हा ग्रुप रहमानवाल्यांचा. कॅसेटच्या काळातले आम्ही सगळे. आता कुणी एलआयसीत, कुणी एसटीत, एकाचं दुबईत एसीचं काम. पक्याचं म्हणणं, हे सगळं झिमरचं आहे, रहमानची नुसती सही आहे. सलीमचं म्हणणं, रहमान पहिल्यांदा ऐकून कळतच नाही, तीन-चारदा ऐकला की चढतो. हे वाक्य आम्ही 'रंगीला'पासून एकमेकांच्या तोंडावर मारत आलोय आणि बऱ्याचदा ते खरंही निघालंय. पण थेटरात माणूस एकदाच बसतो राव. चढेपर्यंत राम वनवासातून परत आलेला असतो.

माझा भाचा तेजस इंजिनिअरिंगला आहे आणि झिमरचा कट्टर भक्त आहे. त्याने एका वाक्यात आमची सगळी पिढी निकालात काढली. "मामा, तुम्ही लोक मुखडा-अंतरा शोधताय. हा स्कोअर आहे."

बरं. स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, तर स्कोअर. पण रामायण आहे ना ते?

माझं म्हणणं काय आहे ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बेसशी माझं वैर नाही. बेस भाड्याने देऊन माझं घर चालतं. रहमानमुळेच तर या लाइनीत आलो. १९९५ला 'बॉम्बे' आला तेव्हा मेनरोडच्या एका दुकानात नवीन स्पीकर दाखवायचे तर दुकानदार एकच कॅसेट लावायचा, 'हम्मा हम्मा'. हिंदीत ते गोव्याच्या रेमो फर्नांडिसने गायलंय. त्या गाण्यात खाली जे काही चालू आहे ते ऐकायला मी दुकानाबाहेर सायकल टेकवून उभा राहायचो. घ्यायचं काहीच नसायचं. दुकानदाराला ते कळायचं, पण तो हाकलायचा नाही, कारण बाहेर चार पोरं उभी दिसली की गिऱ्हाईक आत शिरायचं. आवाज नुसता मोठा असणं वेगळं आणि भरलेला असणं वेगळं, हे मला शाळेत नाही, तिथे कळलं.

तर आता कामाचं.

मी नाशकात पंचवटीत राहतो. आमच्याकडे रामाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. गुढीपाडव्यापासून वासंतिक नवरात्र, मग रामनवमी, आणि कामदा एकादशीला काळारामाचा रथ, सोबत गरुडरथ. या दिवसांत देवळांत, वाड्यांत, मंगल कार्यालयांत कार्यक्रमांची रांग असते आणि त्यातला एक तरी गीतरामायणाचा असतोच. ती ऑर्डर मी कधी सोडत नाही. पैसे बेताचे मिळतात, सामान थोडं लागतं. एक गायक, एखादी गायिका, हार्मोनियम, तबला, टाळ, जमलं तर व्हायोलिन. पण तारेवरची कसरत आहे ती. डीजे लावणं त्यापुढे पोरखेळ.

का ते सांगतो. दगडी सभामंडप असतो. दगड आवाज पित नाही, परत फेकतो. गायकाने 'पराधीन आहे जगती' सुरू केलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचे ओठ हलायला लागतात. पुढे त्यात ते दोन ओंडक्यांचं कडवं येतं, जे महाराष्ट्रात निम्म्या लोकांना पाठ आहे. त्या कडव्याचा सगळा जीव 'भेट', 'लाट' आणि 'गाठ' या तीन शब्दांत आहे. ट, ट, ठ. हे 'ट' आणि 'ठ' म्हणजे साऊंडवाल्याची परीक्षा. व्यंजनं ऐकू येतात ती साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि त्यांचा जोर असतो अगदी थोडा. खाली डग्गा घुमत असेल, हार्मोनियमने मधली जागा भरून टाकली असेल आणि वर दगडाचा घुमारा असेल, तर लोकांना ऐकू येतं 'भे', 'ला', 'गा'. सूर पोचतो, पण शब्दाचं शेपूट तुटतं. आणि ते तुटलं की त्या कडव्यात उरलं काय?

म्हणून मी काय करतो, तर गाण्याच्या माईकला शंभर हर्ट्झच्या खाली लो-कट मारतो, म्हणजे त्याखालचा आवाज कापतो, अडीचशे-तीनशेच्या आसपासचा फुगवटा काढतो, डग्गा दाबतो, आणि आवाज वाढवण्याऐवजी कमी करून छोटे बॉक्स लोकांच्या जवळ नेऊन ठेवतो. हार्मोनियमवाले काका दर वर्षी तक्रार करतात, "अहो, माझी पेटी ऐकूच येत नाही!" मी म्हणतो, "काका, तुमचा मॉनिटर वाढवून देतो." म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर. लोकांसाठी वाढवत नाही. एकदा एक आजोबा कार्यक्रम संपल्यावर मिक्सरपाशी आले, कानातलं यंत्र काढून हातात धरलं आणि म्हणाले, "आज याची गरज पडली नाही." माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा पुरस्कार नाही.

गदिमा आणि बाबूजींनी गीतरामायणाचं काम केलं ते पुणे आकाशवाणीसाठी, सीताकांत लाडांच्या सांगण्यावरून. १९५५च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. त्या वर्षी अधिक महिना आला, आणि सगळी मिळून छप्पन्न गाणी झाली. वाद्यं मोजकी. रेकॉर्डिंगची सोय तेव्हा होती तेवढीच. प्रत्येक गाणं कुणाच्या तरी तोंडचं. आत्ता राम बोलतोय, आत्ता कौसल्या, आत्ता शूर्पणखा, आत्ता कुश-लव. 'दाटला चोहीकडे अंधार' हे दशरथाचं. म्हणजे मरणाऱ्या बापाला शेवटचं बोलू दिलंय. युद्धाचे नगारे वाजवून त्याला घालवलेलं नाही. नंतर बाबूजी स्वतः पेटी घेऊन बसायचे आणि अख्खी रात्र महाराष्ट्र त्यांच्यासमोर बसायचा.

आता कुणी म्हणेल, काय हे, चार हजार कोटींच्या सिनेमाला आकाशवाणीची फूटपट्टी लावताय? लावतोय. रामाची गोष्ट आपल्याकडे मुळातच ऐकण्याची आहे. वाल्मीकींनी लिहिली, पण ती गायली कुश-लवांनी, आणि तीही खुद्द रामासमोर. आणि सिनेमावाल्यांनाही हे फार पूर्वी कळलं होतं. १९४३मध्ये विजय भट्टांचा 'रामराज्य' आला, हिंदी आणि मराठी दोन्हींत. शोभना समर्थ सीता, संगीत शंकरराव व्यासांचं, म्हणजे आपल्या कोल्हापूरचा माणूस, पलुस्करांच्या परंपरेतला. त्यातलं 'बीना मधुर मधुर कछु बोल' सरस्वतीबाई राण्यांनी गायलंय, भीमपलासात. आमच्या ओळखीच्या एक गायनाच्या बाई अजून विद्यार्थिनींना ते शिकवतात. सिनेमा बघितलेला त्यांच्यातही कुणी नसेल, पण गाणं आहे.

रामानंद सागरांच्या मालिकेचं तर सांगायलाच नको. रवींद्र जैन. १९८७. चौपायांना त्यांनी लावलेली चाल इतकी सोपी आहे की सुंदरकांडाच्या कार्यक्रमात आज वीस वर्षांची पोरंही त्याच चालीवर म्हणतात. मालिकेतले बाण एकमेकांवर आपटून आकाशात फुटायचे तेव्हा आम्ही लहानपणी सुद्धा हसायचो. चाल मात्र टिकली.

आणि मग 'आदिपुरुष'. २०२३. दिग्दर्शक ओम राऊत, आणि 'जय श्रीराम' हे गाणं अजय-अतुलचं, म्हणजे आपलीच माणसं. सिनेमाच्या संवादांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गाणं मात्र सिनेमाला पुरून उरलं. जानेवारी २०२४मध्ये अयोध्येच्या सोहळ्याच्या वेळी मी ते किती चौकांत वाजवलं याचा हिशोब नाही. सिस्टीमवर ते गाणं बाप वाजतं. पण मिक्सरमागे उभं राहून मी एक गोष्ट बघितलीय. गर्दी त्यातले ते दोनच शब्द गाते. मधला मजकूर आला की लोक नुसते हात वर करून थांबतात आणि परत ते दोन शब्द यायची वाट बघतात. मिरवणुकीला तेवढं पुरतं. मला अजय-अतुलबद्दल तक्रार नाही, त्यांना दिलेलं काम त्यांनी चोख केलं. पण नवीन 'रामायण'कडून माझी अपेक्षा आणखी एका मिरवणुकीच्या गाण्याची नाही. ते आपल्याकडे आहे आणि झकास आहे.

मग अपेक्षा काय? तर रहमानकडून मला 'स्वदेस'मधला रहमान पाहिजे.

२००४. गावातली रामलीला. गीता झालेली गायत्री जोशी सीतेच्या वेषात अशोकवनात बसलीय, आणि 'पल पल है भारी' सुरू होतं. मधुश्रीचा आवाज, विजय प्रकाशचा आवाज, आणि रावणाच्या ओळी खुद्द आशुतोष गोवारीकरांनी म्हटलेल्या. जावेद अख्तरांचे शब्द. गावच्या स्टेजवर वाजेल असंच ते वाजतं, आणि तरीही त्यात काय काय बारकावे आहेत ते हेडफोन लावून ऐका. सीता रडत नाही. वाट बघते आणि उत्तर देते. रावण टोमणा मारतो, ती परतवते. आख्खा वाद गाण्यात आहे आणि एक शब्द सुटत नाही. या सिनेमातलं चरणपूर म्हणजे आपलं वाईजवळचं मेणवली, तेव्हा त्या रामलीलेवर आपला थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो. ग्रुपवर मी हे गाणं टाकलं तेव्हा पक्या, जो कधीच कुणाला मानत नाही, त्याने नुसता नमस्काराचा हात टाकला.

म्हणजे या माणसाने सीतेचं गाणं एकदा करून दाखवलेलं आहे. 'लगान'मध्ये 'ओ पालनहारे' केलंय, लताबाई, साधना सरगम आणि उदित नारायण. संकटातली माणसं रात्री देवाला हाक मारतायत, एवढंच. त्यात कुठे आरडाओरडा आहे? रहमान जेव्हा भक्तीचं गाणं करतो तेव्हा तो आवाज खाली आणतो. ही त्याची खरी ताकद आहे आणि नेमकी हीच चार हजार कोटींच्या ओझ्याखाली दबली जाईल अशी मला भीती आहे. २०२५ला रहमानच्याच संगीताचा 'छावा' आला तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले की संगीतात मराठी माती कुठाय. 'आया रे तूफान'मध्ये वैशाली सामंतचा आवाज आला की मला ती माती लागायची, पण बाकीचं ऐकताना तक्रारीत दम आहे असं वाटायचं. तेव्हा रहमान आहे म्हणजे सगळं आपोआप होईल, असं मी तरी धरून चाललेलो नाही.

आता झिमर. तेजसला वाटतं मी झिमरच्या विरोधात आहे. नाही रे बाबा. उलट ग्रुपवर झिमरला 'भोंगा' म्हणणाऱ्यांशी भांडलोय मी. हे खरं की 'इंटरस्टेलर'च्या वेळी अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीसुद्धा तक्रार केली होती की संगीताखाली संवाद ऐकू येत नाहीत. दिग्दर्शक नोलनला ते तसंच हवं होतं. आमच्याकडे असं झालं तर आयोजक अर्धे पैसे कापतो. पण त्याच सिनेमाची दुसरी बाजू बघा. नोलनने झिमरला सिनेमा अवकाशाचा आहे हे सांगितलंच नव्हतं. एका पानावर टाईप केलेली एक छोटी गोष्ट दिली होती, बाप आणि मूल यांची. झिमरने एका दिवसात त्यावर सूर बसवले, ते त्या सगळ्या संगीताचं बीज ठरलं. मग लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन आणला वगैरे, पण मूळ काय? बापाला मुलाला सोडून जायचंय.

आता सांगा, याला दशरथ कळणार नाही?

माझं तर म्हणणं आहे की वनवासाचा प्रसंग झिमरला द्या आणि युद्ध रहमानला द्या. उलटं होणार हे मला माहीत आहे. सगळे धरूनच चाललेत की गाणी रहमानची आणि हाणामारी झिमरची. पण राम रथात बसलाय, सुमंत घोडे हाकतोय, अयोध्या मागे धावतेय आणि म्हातारा राजा दिसेनासा होईपर्यंत धुळीकडे बघतोय, हा प्रसंग झिमरच्या त्या एका पानातला आहे. तिथे कोरस नको. एक सूर लांब धरला तरी थेटर रडेल. त्या एका सुराला बेस द्या हवा तेवढा, माझी हरकत नाही, कारण तिथे शब्दच नाहीत.

या दोघांत एक साम्य आहे, जे ग्रुपवरच्या भांडणात कुणाच्या लक्षात येत नाही. दोघेही गळा शोधणारे आहेत. झिमरच्या 'लायन किंग'ची सुरुवात आठवा, लेबो एमची ती झुलू भाषेतली हाक. एक शब्द कळत नाही आणि अंगावर काटा येतो. 'ग्लॅडिएटर'मध्ये लिसा जेरार्ड. आणि आपल्या रहमानने पहिल्याच सिनेमात, 'रोजा'त, मिनमिनीकडून गाऊन घेतलं, जिचं नाव तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. 'दिल है छोटा सा' तिचंच. म्हणून सीतेसाठी कुणाचा आवाज असणार याची जी यादी रोज कुणीतरी फिरवतं, ती मला पटत नाही. सगळी मोठी नावं. अहो, सीता करणारी साई पल्लवी मेकअपशिवाय कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी मुलगी आहे, आणि तिला आवाज मात्र पॉलिश केलेला देणार? रेडिओवर आधी हजार वेळा ऐकलेला गळा नको. जिला ऐकून लोक विचारतील 'ही कोण?' अशी पाहिजे. श्वास ऐकू आला तरी चालेल. रेकॉर्डिंगवाल्यांनो, तो श्वास कापू नका.

गीतं कुमार विश्वास लिहितायत अशी बातमी आहे. माणूस रामकथा सांगत गावोगाव फिरतो, त्याला हजारोंच्या मैदानात शब्द कसा पोचवायचा हे माहीत आहे. ही जमेची बाजू. धास्ती एवढीच की ते वक्ते आहेत, आणि वक्त्याला टाळीची ओळ लिहायचा मोह होतो. सीतेला टाळी नको असते.

रहमान मुसलमान, झिमर ज्यू, मग रामायण कसं करणार, असं विचारणारेही भेटतात. यावर 'बैजू बावरा'तल्या भजनाचं, ज्याचे शब्द, चाल आणि गळा तिन्ही मुसलमानांचे, उदाहरण आता देऊन देऊन गुळगुळीत झालंय, त्यामुळे मी देत नाही. आमच्या रथयात्रेच्या दिवशी माझ्या जनरेटरवर जो पोरगा असतो त्याचं नाव विचारायला आजवर कुणी आलेलं नाही, एवढं बोलतो आणि पुढे जातो.

काय नको, तेही सांगून टाकतो. नाशिक ढोल नको. हे मी नाशिककर असून म्हणतोय. हल्ली कुठलाही ऐतिहासिक किंवा पौराणिक सिनेमा आला की दर दहा मिनिटांनी ढोल-ताशा सुरू होतो. आमचा ढोल केरळपर्यंत पोचलाय, तिकडे लग्नाच्या वरातीत 'नासिक ढोल' या नावानेच वाजतो, त्याला आणखी जाहिरातीची गरज नाही. लंकेच्या युद्धात वानरसेना ताशा वाजवत आली तर मी पॉपकॉर्न तिथेच ठेवून निघून येईन. वानरांकडे दगड आहेत, झाडं आहेत, लाकूड आहे, त्यातून ताल काढा की. दगडावर दगड आपटला तरी रहमान त्यातून काहीतरी काढेल. सेतू बांधण्याच्या प्रसंगात तर हीच संधी आहे. काम करणाऱ्या माणसांचं गाणं पाहिजे तिथे, ओझं उचलताना एकमेकांना हाक देतात तसं. बाबूजींनी ते केलंय, त्यामुळे तुलना होणारच आणि त्याला इलाज नाही.

आणि पंचवटी. सिनेमात पंचवटी येणार हे नक्की, ती उभी राहणार डीएनईजी या व्हीएफएक्स कंपनीच्या कॉम्प्युटरवर, ज्यांचं मुख्य ऑफिस लंडनला. असू दे. आमची खरी पंचवटी आता दाखवण्यासारखी राहिलेली नाही, गोदेच्या काठावर सगळं काँक्रीट. पण तिथला आवाज तरी खरा ठेवा. पाणी, पाखरं, पर्णकुटीत बोलणारी दोन माणसं. रावण येईपर्यंत तिथे ऑर्केस्ट्रा शिरता कामा नये. रावण आल्यावर मग आहेच की.

हे सगळं मी तेजसला परवा जेवताना ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तू ना सिनेमाकडून भजनाची अपेक्षा करतोयस." मी म्हटलं, भजनाची नाही, अशा एका चालीची, जी एका पेटीवर उभी राहील. चारशे वाद्यं काढून घेतली तरी पडणार नाही अशी. तो म्हणाला, आता असं कुणी करत नाही. मग पैज लागली.

पैज अशी. २०२७च्या रामनवमीपर्यंत, म्हणजे पहिला भाग येऊन गेल्यावर जो पहिला चैत्र येईल त्यात, पंचवटीतल्या एका तरी भजनी मंडळाने या सिनेमातलं गाणं पेटी-तबल्यावर, कागद न बघता, किमान दोन कडवी म्हटलं पाहिजे. म्हटलं तर मिसळ तेजसकडून, ग्रुपमधल्या सगळ्यांना. नाही म्हटलं तर माझ्याकडून, शिवाय त्याला गोडाउनमधले दोन टॉप आणि एक बेस हॉस्टेलवर न्यायला द्यायचे, भाडं न घेता. मी लगेच हो म्हटलं. त्यावर त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, आतून ओरडून अट घातली की मंडळ आधी ठरवायचं, नाहीतर हा मामा कुठल्यातरी ओळखीच्या मंडळाला पैसे देऊन गाऊन घेईल.

मंडळ कुठलं, यावर अजून भांडण चालू आहे.